चौकोनी भोकाची तीन नाणी

नाण्याला भोक असलं की दुकानदार ते परत करतो. माझ्या हातात नाणं आलं की मी आधी भोकच पाहते. राजा कोण, लिपी कोणती, ते मागाहून. जन्मभर भोकं पाहिली मी, असं सांगते तेव्हा नातवंडं खी-खी करतात. हसोत बापडी. त्याच भोकांवर त्यांच्या आयांची शिक्षणं झाली.

आम्ही पाटवेकरी. लांबच्या वाचकांना हे सांगावं लागेल. सोनार मणी घडवतो, पुतळ्या घडवतो, डोरलं घडवतो. पण ते सगळं दोऱ्यात ओवून, गोफ वळून, गाठी मारून गळ्यात घालण्याजोगं करतो तो पाटवेकरी. चंद्रपुरात आमचं हे काम सासूबाईंच्या हातात होतं. त्यांनी मला शिकवलं नाही, त्यांना वेळच कुठे होता? मी समोर बसून पाहत राहिले. त्यांचा हात थकला तोवर माझा बसला. सराफा ओळीत एका सोनाराच्या ओट्यावर पोतं अंथरायचं, दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवायचा आणि दिवसभर वळत बसायचं. दोऱ्यानं पडलेली खाच माझ्या अंगठ्यावर अजून आहे. लग्नसराईच्या आधी आलापल्ली, गोंडपिपरीचे बाजारही करायचे मी. तिकडच्या बायका आजीच्या गळ्यातल्या चांदीच्या रुपयांच्या माळा घेऊन यायच्या. रुपया टिकतो, दोरा तुटतो. दोरा तुटला की मी.

आता दोऱ्याचं सांगते. दोरा दिसायला मऊ, पण विहिरीच्या काठाला दोरानं पडलेल्या खाचा पाहिल्या असतील तुम्ही. तसंच नाण्याचं होतं. माळ गळ्यात लोंबते, म्हणजे नाणं नेहमी एकाच बाजूनं दोऱ्यावर टेकतं. भोकाची ती एकच कड गुळगुळीत होते, पुढे तिथं खाच पडते. बाकीच्या कडा तशाच. एखादं नाणं कोणी मुद्दाम जुनं केलेलं असेल तर तो माणूस आकडे घासतो, कडा घासतो, चेहरा घासतो. भोक घासायचं त्याच्या डोक्यात येत नाही. आलं तरी तो ते सगळीकडून सारखं घासतो. म्हणून मी आधी भोक पाहते.

चिनी नाणी माझ्या हातात पहिल्यांदा आली ती सिरोंचाकडच्या एका तेलुगू अम्माकडून. तिचे आजोबा रंगूनला बंदरावर कामाला होते. लढाई लागली तेव्हा पायी परत आले, आणि येताना कमरेला तांब्याच्या नाण्यांची एक माळ बांधून आणली. गोल नाणं, मध्ये चौकोनी भोक, भोकाच्या चार बाजूंना चार अक्षरं. अक्षरं कसली, मला ती लहान लहान झोपड्यांची चित्रं वाटली. अम्मा ती माळ देवघरात ठेवायची आणि प्रत्येक सणाला चिंच लावून लख्ख घासायची. मी माळ ओवता ओवता म्हटलं, "अम्मा, घासू नका आता. अक्षरं चाल्ली सारी." तर ती म्हणाली, "देवासमोर काळं कसं ठेवू व माय?" नाणी अस्सल होती आणि आणखी दहा-वीस सणांत ती नुसत्या चकत्या होणार होती.

ती माळ मी मुद्दाम सावकाश ओवली. एकेक नाणं बोटावर फिरवलं. नंतर वरोऱ्याचे एक निवृत्त मास्तर माझ्याकडे यायचे, त्यांना नाणी जमवायचा नाद. त्यांनी पुस्तकातली चित्रं दाखवून सांगितलं की ही नाणी ठोकत नाहीत, ओततात. साच्यातून झाडासारखी निघतात, फांद्यांना फळं लागावीत तशी. ती तोडायची, मग चौकोनी सळईवर एकावर एक घालायची आणि सगळ्यांच्या कडा एकदम कानशीनं घासायच्या. सळई चौकोनी असली म्हणजे नाणी फिरत नाहीत, त्यासाठी भोक चौकोनी. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! चीनमध्येही कोणी बसून ओवतच होतं की.

तर अस्सल नाण्याच्या कडेला कानशीचे बारीक ओरखडे असतात. अक्षरांचा वरचा भाग झिजतो, खोबणीतला कोरा राहतो. नक्कल असली की अक्षर मुळातच पुसट, मेणातून उठवल्यासारखं, वर-खाली सारखंच. अस्सल नाणं दगडावर टाकलं तर बहुतेक वेळा भरीव, दबका आवाज देतं. नवं पितळ नाचतं आणि किणकिणतं. जुना हिरवा गंज धातूत मुरलेला असतो, नखानं निघत नाही. लावलेला हिरवा असेल तर सुईच्या टोकाला पिठासारखा येतो. आणि मुख्य म्हणजे दोन अस्सल नाणी जुळी नसतात. दोन नाण्यांना एकाच जागी एकच खड्डा दिसला, तर ती एकाच नव्या साच्यातली भावंडं समजायची.

हे सगळं शिकून ठेवलं आणि मग गिफ्टच्या दुकानांतून लाल रिबिनीत बांधलेली तीन-तीन पिवळी चिनी नाणी लटकायला लागली. दारावर टांगा, घरात लक्ष्मी येते. त्यात फसवणूक काही नाही, खेळणं म्हणूनच विकतात. पण लोक ती रिबीन काढून माझ्याकडे आणायला लागले. एक गृहस्थ तर मोठ्या ऐटीत आले, खिशातून रुमाल, रुमालातून कापूस, कापसातून नाणं. "बाई, हे किल्ल्याच्या तटात सापडलं. हजार वर्षांचं असन." मी नाकाजवळ नेलं. म्हटलं, "भाऊ, याले अजून चहाचा वास येऊन राह्यला. साखर बी टाकली होती का?" भला माणूस होता, तोच आधी हसला. म्हणाला, "मंग कशात उकळाले पायजे होतं?" मी म्हटलं, "थे मी सांगतलं तं माझा धंदा बसन."

खरं म्हणजे ते मला माहीत होतं. शेणामुतात. खताच्या खड्ड्यात तांबं-पितळ पडलं की दोन-तीन पावसाळ्यांत त्याचा आजोबा होतो. हिरवा-निळा मुरलेला गंज चढतो, नखानं न निघणारा. फक्त असं मुद्दाम कोणी करत नाही. मुद्दाम न करता मात्र एकदा झालं. तेच सांगायला बसले आहे, बाकीची नुसती प्रस्तावना झाली.

देवाजीभाऊ आणि पारबताबाई. भांदकच्या अलीकडचं त्यांचं गाव. नाव लिहीत नाही. बौद्ध वस्तीतलं घर, थोडं वावर, त्यात कापूस आणि सोयाबीन. उन्हाळ्याच्या शेवटी एका दुपारी दोघं ओट्यापाशी आले.

"तुमीच का जी थ्या नाण्यावाल्या?" देवाजीभाऊंनी विचारलं.

"नाण्यावाली कायची, मी गाठवनारी. बसा."

"बस नं व, बाईनं बसा म्हन्लं," ते बायकोला म्हणाले, पण स्वतः उभेच राहिले. उभ्याउभ्याच पांढरा रुमाल उघडला. तीन नाणी, चौकोनी भोकाची. हिरवीगार. "चीनचे हायेत."

"कोन म्हन्ते?"

"सारं गाव म्हन्ते. थो चीनचा भिक्षू भांदकच्या लेण्यायपाशी आल्ता नं जुन्या काळी? थो आमच्याच शिवारातून गेला. माझ्या वावरातून. वखराच्या पात्याले लागून वर आले हे."

भांदकला डोंगरात बुद्धाची लेणी आहेत आणि फार जुन्या काळी चीनचा एक भिक्षू पायी हिंडत या मुलखात आला होता, हे तिकडचं लहान पोरही सांगतं. पण देवाजीभाऊंना त्याच्याशी एवढंच देणंघेणं नव्हतं. गावाला खाणीची नोटीस आली होती. कोळशासाठी ते शिवार उकरणार होते. घरं, वावरं, विहार, सगळं. आणि कोणीतरी सांगितलं होतं की बुद्धाच्या काळातली खूण सापडली तर त्या जागी खोदता येत नाही.

"विहारात काचेच्या पेटीत ठेवले होते," ते म्हणाले. "नागपूरहून पुरातत्वचा साहेब येनार हाय पाहाले. त्याच्या आधी म्हन्लं एकडाव जाणत्या मानसाले दाखवून घेऊ. साहेबानं काई इचारलं तं मले बोलता आलं पायजे. माझं वावर हाय नं."

किती उजळलेला चेहरा होता त्यांचा! मी भिंग घेतलं. मनात म्हटलं, असू दे बाबा खरी.

पहिल्या नाण्यावरची चार चित्रं पाहिली आणि ओळखली. मास्तरांच्या पुस्तकात ती होती. गिफ्टच्या दुकानातल्या नाण्यांवरही हीच असतात. हा राजा दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचा. भिक्षू त्याच्या हजार वर्षं आधी येऊन गेलेला. पण निदान नाणी तरी जुनी असतील? गंज मुरलेला होता, नखाला दाद देत नव्हता. क्षणभर मीही फसले. मग भोक पाहिलं. चारही कडा सारख्या. दुसऱ्याचंही तसंच. डाव्या अक्षरापाशी तिन्हीवर एकच टाचणीच्या टोकाएवढा खड्डा. तिघं सख्खी भावंडं.

आणि तिसऱ्याच्या भोकाच्या कोपऱ्यात, हिरव्याच्या खाली, काहीतरी अडकलेलं. सुईनं उकरलं तर लाल धाग्याचा तुकडा निघाला. माझं सगळं आयुष्य दोऱ्यात गेलं. सूत मातीत कुजतं, रेशीमही कुजतं. हे नायलॉन होतं.

मी मान वर केली. देवाजीभाऊ रस्त्याकडे पाहत होते. पारबताबाई माझ्या सुईकडे पाहत होत्या.

"आहो," त्या एकदम म्हणाल्या, "माझे डोळ्याचे थेंब घेऊन या नं तेवढे. त्या कोपऱ्यावर दवाईचं दुकान हाय."

"आत्ताच?"

"मंग इसरते मी."

"दिवसभर आठोत नाई, आन् बाई बोलाले लागली का थेंब आठोते इले," असं पुटपुटत ते गेले. ते नजरेआड झाल्यावर पारबताबाई माझ्याजवळ सरकल्या.

"बाई, थो लाल धागा यायच्या नजरेले पडू देऊ नका."

"तुमाले मालूम हाय?"

"माझ्या घरचाच हाय थो."

त्यांचा मुलगा प्रफुल. एकुलता. खाणीवर ठेकेदाराकडे कामाला होता, कायम व्हायची वाट पाहत होता. इथूनच, चंद्रपुरातून, लाल रिबिनीची तीन नाणी घेऊन गेला आणि दाराच्या चौकटीवर टांगली. मित्रानं सांगितलं होतं म्हणे, नोकरी लागते. देवाजीभाऊंनी पाहिलं आणि त्यांचं डोकं फिरलं.

"म्हन्ले, आपन बुद्धाच्या घरचे. माझ्या बापानं सारे देवदेव गाडीत घालून नदीत सोडले, आन् तू दारावर हे लटकवतं? वढून काढले आन् उकिरड्यावर फेकले. पोट्टा काई बोल्ला नाई. जेवला बी नाई थ्या दिवशी."

पुढच्या वर्षी भांदकच्या रस्त्यावर कोळशाच्या ट्रकनं प्रफुलच्या मोटारसायकलला उडवलं.

"भाऊले आठोत नाई?" मी विचारलं.

"कसं आठवन? तवा पिवळे धम्म होते, चमकत होते. आता हे असे. मी पाह्यले तवाच ओळखले. माझ्याच हातानं खात भरलं होतं गाडीत, थ्याच उकिरड्याचं."

"मंग काऊन नाई सांगतलं?"

पारबताबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "पोरगा गेला तवापासून खाटेवर होता मानूस. बोलत नव्हता. घास ठेवला तं तसाच. हे नाणे सापडले आन् उठला, बाई. गावात फिरते, हापिसात जाते, मले म्हन्ते भाकर दे. मी कशी सांगू? तुमी बी नका सांगू."

आता इथं मी काय करायला हवं होतं, ते वाचणाऱ्यांनी आपापल्या घरी ठरवावं. माझ्या कामात एक नेम होता. खोट्याला खरं म्हणायचं नाही, मग समोर कोणीही असो. पण त्या दिवशी मी बोलले ती नेमापायी नव्हे. मला नागपूरचे साहेब दिसत होते. सगळं गाव जमलेलं, आणि साहेब म्हणणार, हे बाजारातलं आहे. मग लोक कोणाकडे पाहतील? ज्याच्या वावरात निघालं त्याच्याकडे. म्हणतील, देवाजीनं स्वतःच पुरले.

मी हे पारबताबाईंना सांगितलं. म्हटलं, "नाणे जुने नाईत, एवढं मी सांगते. कोनाचे, थे सांगाचं का नाई, तुमचं तुमी पाहा."

देवाजीभाऊ थेंबांची बाटली घेऊन आले. आता ते बसले. "हं, बाई. कोन्या राजाचे हायेत?"

मी सांगितलं. हळू सांगितलं, पण पूर्ण सांगितलं. त्यांना पटेना. "असे हिरवे होत असते का नवे? हात लावून पाहा नं."

"भाऊ, वावरात खात कोनतं टाकता?"

"आमच्याच उकिरड्याचं. दुसरं कोनतं?"

"उकिरड्यात पितळ पडलं का असंच होते. हे खाताच्या गाडीतून आले तुमच्या वावरात."

"आमच्या उकिरड्यात चीनचे नाणे कुठून..." असं म्हणता म्हणता त्यांचं लक्ष माझ्या पोत्यावर गेलं. तिथं तो लाल धागा पडला होता, तो झाकायला मी विसरले होते. ते वाकले. चिमटीत धरून उन्हात नेला. बराच वेळ पाहत राहिले.

"प्रफुलनं टांगलं होतं थे?" त्यांनी बायकोकडे न पाहता विचारलं.

"हो."

सराफा ओळीत त्या वेळी फार वर्दळ. कोणी ठोकत होतं, कोणी भाव करत होतं. देवाजीभाऊंनी तिन्ही नाणी तळहातावर घेतली आणि मला विचारलं, "बाई, चिच लावून घासले तं पिवळे होतीन का हे?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण पितळेतलं जस्त खत खाऊन टाकतं, मागं नुसतं तांबं उरतं. म्हटलं, "नाई भाऊ. आता घासले तं लाल पडतीन."

त्यांनी मान हलवली. नाणी रुमालात बांधली. धागाही बांधला.

त्याच संध्याकाळी त्यांनी विहारात सगळ्यांसमोर सांगितलं. नाणी पेटीच्या चौथऱ्यावर ठेवली आणि म्हणाले, हे भिक्षूचे नाहीत, माझ्या पोराचे आहेत, मीच फेकले होते. मी तिथं नव्हते. पारबताबाई नंतर एकट्या माझ्याकडे आल्या तेव्हा कळलं. गावानं ऐकून घेतलं, त्यांना हात धरून घरी पोचवलं आणि नाणी पेटीत ठेवून कुलूप लावलं. पोराच्या दुःखात डोकं हललं म्हणाले म्हाताऱ्याचं.

"आता हे रोज विहारात जाते न् म्हन्ते, माझे हायेत, वापस द्या," त्या सांगत होत्या. "थे म्हन्तेत, भाऊ, घरी जाऊन आराम करा. बाई, तुमी एकडाव येऊन सांगता का?"

मी गेले. बसनं जाऊन पुढे ऑटो केला. विहारासमोर सतरंजी घातली होती. मला खुर्ची दिली, चहा दिला. मी भिंग काढून, एकेक खूण दाखवून सगळं सांगितलं. भोक, कडा, तो एकच खड्डा. मागून एक बाई म्हणाली, "खाणवाल्यायनं पाठवलं काय व इले?" दुसरी म्हणाली, "चूप नं. मायच्या वयाची हाय थे." देवाजीभाऊ भिंतीला टेकून बसले होते. त्यांना वाटत होतं, आता कुलूप उघडेल.

विहार समितीचा अध्यक्ष अनिल नावाचा तरुण होता, प्रफुलबरोबर एका बाकावर शिकलेला. माझं बोलणं संपेपर्यंत तो मान खाली घालून उभा होता. मग म्हणाला, "मावशी, तुमचं बराबर असन. मी खोटं नाई म्हनत. पन मले एक सांगा, आमच्यापाशी दुसरं काय हाय?"

एवढ्या वर्षांत गिऱ्हाइकांनी मला काय काय म्हटलं असेल. चोर म्हटलं, वेडी म्हटलं, सोनाराची चमची म्हटलं. सगळ्यांना मी तोंडावर उत्तर दिलं. अनिलसमोर मात्र मी भिंग पिशवीत घातलं. परतताना देवाजीभाऊ ऑटोपर्यंत आले, मला म्हणाले, "तुमाले उगाच तरास झाला." त्यांनी असं म्हणायला नको होतं.

नागपूरचे साहेब आले. काचेतून पाहिलं, फोटो घेतले, गावाशी नीट बोलले आणि गेले. पुढे काही कळवलं की नाही, मला माहीत नाही. गावानं त्यांच्या गप्प राहण्यातही आशा धरली. दरम्यान बातमी पसरत गेली. मूल गावापासून, गडचिरोलीपासून लोक गाड्या करून नाणी पाहायला यायला लागले. येणारा प्रत्येक जण खाणीविरुद्धच्या अर्जावर सही करून जायचा. शेजारच्या शिवारात मातीचे ढिगारे वाढतच होते. आधी क्षितिजाजवळ दिसायचे, मग विहाराच्या दारातून दिसायला लागले.

मी पुन्हा गेले ती प्रफुलच्या स्मरणदिनाला. पारबताबाईंनी बोलावलं होतं. सकाळी वंदना झाली, खीर झाली, पाहुणे पांगले. दुपारी विहारात आम्ही तिघंच होतो. तेवढ्यात अनिल आला. चपला बाहेर काढल्या, दार लोटून घेतलं, खिशातून किल्ली काढली आणि पेटी उघडली. तिन्ही नाणी त्यानं देवाजीभाऊंच्या ओंजळीत ठेवली.

"घडीभर ठेवा, भाऊ," तो म्हणाला. "तीनच्या नंतर लोकं येतीन." आणि दाराकडे तोंड करून उभा राहिला.

म्हणजे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. चौकटीवर टांगायला सांगणारा मित्र तोच होता की काय, हे मी विचारलं नाही.

देवाजीभाऊंनी नाणी ओंजळीत धरली. पुसली नाहीत, कपाळाला लावली नाहीत. नुसता अंगठा एकेका भोकावरून फिरवत होते, मी फिरवते तसा. पारबताबाईंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला होता. मी भिंतीकडे पाहत बसले. पंखा नव्हता, बाहेर खाणीतल्या यंत्रांची घरघर चालू होती.

रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला. बायका-पोरांचं बोलणं. अनिल वळला, पण त्यानं हात पुढे केला नाही. मला वाटलं आता देवाजीभाऊ नाणी रुमालात बांधतील आणि घरी निघतील. त्या घडीला त्यांना कोणी अडवलं नसतं, मी अडवू दिलं नसतं.

ते गुडघ्यावर हात ठेवून उठले. पेटीपाशी गेले. तीन नाणी एकेक करून कापडावर मांडली, चित्रं वर येतील अशी.

"लाव कुलूप," ते अनिलला म्हणाले. "लोकं आले."

दार उघडलं. दहा-बारा जण आत आले, बुद्धाला वाकले आणि पेटीभोवती जमले. एक बाई कडेवरच्या पोराला नाणी दाखवत होती. तिनं आमच्याकडे वळून विचारलं, "खरे हायेत का जी हे?"

अनिल माझ्याकडे पाहत होता. मी तोंड उघडायच्या आधी देवाजीभाऊ बोलले.

"माझ्या वावरात सापडले," ते म्हणाले, आणि बाहेर जाऊन त्या साऱ्या चपलांत आपल्या चपला शोधू लागले. त्यांना त्या दिसेनात. पारबताबाईंनी शोधून पायाजवळ सरकवल्या.